डिटेक्टर वाजला, पुढे काय?

मेटल डिटेक्टर आज ज्या रूपात आपण पाहतो, ते रूप त्याला युद्धानं दिलं. 1941 साली स्कॉटलंडमध्ये तळ असलेल्या पोलंडच्या सैन्यात युझेफ कोसात्स्की नावाचा एक लेफ्टनंट होता. एका माणसाला हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक त्यानं तयार केला. लाकडी दांडा, टोकाला कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, पाठीवर बॅटऱ्यांचं खोकं आणि कानाला हेडफोन. सगळं मिळून वजन सुमारे 14 किलो. ऑक्टोबर 1942 मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईआधी अशी 500 यंत्रं ब्रिटिश सैन्याला पोहोचली आणि जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगांतून वाटा काढायच्या कामाला लागली. कोसात्स्कीनं त्याचं पेटंट घेतलं नाही. युद्ध चालू असेपर्यंत त्याचं नावही गुप्त ठेवावं लागलं, कारण घरची माणसं जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होती.

युद्ध संपलं, शिल्लक राहिलेली लष्करी यंत्रं बाजारात आली आणि हौशी लोकांनी ती विकत घेतली. गंमत अशी, की सुरुंग टाळण्यासाठी बनवलेलं यंत्र घेऊन आता माणसं मुद्दाम त्याच युद्धाच्या जमिनी तुडवायला लागली. बिल्ले, बटणं, पट्ट्याची बकलं, पुंगळ्या, हेल्मेटं शोधायचा हा छंद आज ब्रिटन, पोलंड आणि बाल्टिक देशांपासून थेट मणिपूरपर्यंत पसरला आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो सोपा वाटतो. यंत्र वाजलं की खणायचं, वस्तू काढायची, पुसून कपाटात ठेवायची. यातलं 'यंत्र वाजलं' एवढंच खरोखर सोपं आहे.

आधी यंत्राचं बघू. कॉइलमधून दिशा बदलत राहणारा वीजप्रवाह सोडतात. छंदासाठीच्या बहुतेक यंत्रांत तो सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलतो. त्यामुळे कॉइलभोवती तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जमिनीत शिरतं. वाटेत धातूचा तुकडा आला, तर त्या तुकड्यात छोटे छोटे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरायला लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं, फारच क्षीण असं चुंबकीय क्षेत्र असतं. डिटेक्टरमधली दुसरी कॉइल ते टिपते. पहिल्या कॉइलचा परिणाम दुसरीवर जवळजवळ शून्य होईल अशा बेतानं दोन्ही बसवलेल्या असतात, म्हणून एवढासा बदलही तिला कळतो. ही युक्ती कोसात्स्कीच्या बरीच आधीची. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन गेला होता. गोळी काही सापडली नाही. पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, असं नंतर सांगितलं गेलं.

धातू कोणता हे यंत्र कसं ओळखतं? खरं तर ते ओळखत नाही, अंदाज बांधतं. चांदी, तांबं यांच्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे त्यांच्यातले भोवरे विरायला वेळ लागतो आणि परत येणारा सिग्नल त्या प्रमाणात उशिरा येतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा सिग्नल लवकर परततो. लोखंड चुंबकाला ओढ देणारं असल्यानं त्याचं उत्तर वेगळ्याच वळणाचं असतं. हा फरक मोजून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, सोबत जाड किंवा बारीक सूर काढतं. बहुतेक यंत्रांत लोखंड खालच्या आकड्यांवर आणि चांदी वरच्या. मधल्या आकड्यांवर मात्र सगळी सरमिसळ. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी यांचा आकडा बऱ्याचदा एकच निघतो. गंजलेलं मोठं, सपाट लोखंड तर सरळ फसवतं. पत्र्याचा तुकडा किंवा हेल्मेट कधी कधी चांदीच्या थाटात वाजतं.

रोमन नाणी शोधणारे हौशी लोक लोखंडाचा आवाज बंद करून टाकतात. खिळे, नाल, तारा यांच्या कटकटीपासून त्यांना सुटका हवी असते. युद्धाच्या वस्तू शोधणाऱ्याला ती चैन परवडत नाही, कारण त्याच्या कामाचा बहुतांश माल लोखंडीच असतो. जुन्या लष्करी जमिनीवर काटेरी तारेचे तुकडे, पत्रे, तंबूच्या मेखा आणि तोफगोळ्यांच्या कपच्या इतक्या असतात की यंत्र सतत कुरकुरत राहतं. या गोंगाटातून कामाचा सूर वेचायची सवय कानाला लागायला वर्षं जातात. नवशिक्या अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवतो.

खोलीबद्दलही गैरसमज फार. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. त्याहून खाली असेल तर यंत्र गप्प. तोफगोळ्यासारखी मोठी वस्तू बरीच खोल असली तरी कळते. जाहिरातीत 'दहा फुटांवरचं सोनं' दाखवणारी जी यंत्रं आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाखाली खपवली जातात, त्यांच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. शिवाय माती कोणती यावरही बरंच काही ठरतं. दक्षिण इंग्लंडची खडूची पांढरी जमीन यंत्राच्या दृष्टीनं शांत. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातून बनलेली माती आणि कोकणातला जांभा यांच्यात लोहखनिजं भरपूर, त्यामुळे तिथे मातीच वाजायला लागते. ती कुरकुर वजा करायची सोय यंत्रात असते, तिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर झटक्या-झटक्यानं प्रवाह सोडणारी, पल्स पद्धतीची यंत्रं वापरतात. ती अशा मातीत खोलवर जातात, पण लोखंड कोणतं आणि तांबं कोणतं हे सांगण्यात कच्ची असतात.

आता जमिनीकडे वळू. जुनी लष्करी जमीन म्हणजे फक्त रणभूमी नव्हे. छावण्या, सरावाची मैदानं, गोळीबाराची क्षेत्रं, सोडून दिलेल्या धावपट्ट्या हेही त्यातच येतं. इंग्लंडमधलं सॉल्सबरी प्लेन हे याचं ठळक उदाहरण. ब्रिटिश सैन्यानं 1897 पासून तिथे जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली आणि आज सुमारे 38,000 हेक्टर जमीन संरक्षण खात्याकडे आहे. या मैदानातलं इंबर हे गाव डिसेंबर 1943 मध्ये अमेरिकी सैन्याच्या सरावासाठी रिकामं करण्यात आलं. गावकऱ्यांना हाती दीड महिना मिळाला. युद्ध संपल्यावरही त्यांना परत येऊन राहू दिलं नाही. गावातलं जुनं चर्च उभं आहे, पण वस्ती गेली ती गेलीच.

याच मैदानाच्या कडेला लार्कहिल इथे सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरं बांधायची ठरली. त्याआधी पुरातत्त्वज्ञांनी जमीन उघडली, तर पहिल्या महायुद्धातले सरावाचे खंदक आणि भुयारांचं अख्खं जाळं बाहेर आलं. फ्रान्सच्या आघाडीवर जाण्याआधी सैनिकांना इथे खंदकातल्या लढाईची रंगीत तालीम दिली जायची. तालीम असली तरी हातबॉम्ब खरे वापरत, आणि त्यातले बरेच न फुटता मातीत तसेच राहिले होते. मात्र या उत्खननात सर्वांत बोलकी ठरली ती धातूची वस्तू नव्हतीच. खंदकाच्या खडूवर सैनिकांनी आपापली नावं कोरली होती. त्यात लॉरेन्स वेदर्स हे ऑस्ट्रेलियन सैनिकाचं नाव निघालं. पुढे सप्टेंबर 1918 मधल्या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण ते जाहीर व्हायच्या आधीच, त्याच महिन्याच्या अखेरीस, तो जखमांनी गेला. खडूच्या त्या तुकड्यावरून जगातला सर्वांत महागडा डिटेक्टर फिरवला असता तरी तो वाजला नसता. घाईनं मारलेल्या फावड्यानं त्याचे दोन तुकडे मात्र नक्की झाले असते.

या जमिनींवर सगळ्यात जास्त सापडते ती पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच. ब्रिटिश फौजेच्या .303 रायफलची पुंगळी हातात घेऊन बुडाकडून बघा. पितळी गोल, त्याला बाहेर आलेली कड, मधोमध छोटी टोपी आणि तिच्यावर रायफलच्या पिननं पाडलेला खळगा. भोवती ठोकलेली अक्षरं असतात. त्यांवरून कारखाना कळतो, बऱ्याचदा सालही कळतं. 'आर एल' म्हणजे लंडनजवळच्या वुलविचची सरकारी प्रयोगशाळा. 'के एफ' असेल तर ती पुंगळी आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. 1869 साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यानं दोन्ही महायुद्धांत हिंदुस्थानी फौजेला काडतुसं पुरवली. खडकीच्या कामगारानं भरलेलं पितळ परमुलखातल्या टेकडीवर सापडतं आणि बुडावरची दोन अक्षरं त्याचा पत्ता सांगतात, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती जिवाशी येते. टोपीवर खळगा नसेल तर ते काडतूस झाडलेलं नाही. टोकाला गोळी असेल तर ते जिवंत आहे असंच धरायचं, मग ते कितीही हिरवं पडलेलं असो. आणि खळगा आहे, पण गोळी जागची हललेली नाही, तर ते फुसकं निघालेलं काडतूस. आत दारू तशीच असते.

काडतूस हा या जमिनीतला लहानातला लहान धोका. खरी भीती तोफगोळे, हातबॉम्ब आणि त्यांचा स्फोट घडवून आणणाऱ्या फ्यूजची. शंभर वर्षं पाण्यात-मातीत राहिल्यावर स्फोटक मेलं असेल, असं माणसाला उगाच वाटतं. टीएनटी हे स्फोटक दशकानुदशकं तसंच टिकतं. जुन्या ब्रिटिश आणि फ्रेंच गोळ्यांत पिक्रिक आम्ल असायचं. धातूशी संयोग होऊन त्याचे जे क्षार बनतात ते धक्क्याला मूळ स्फोटकापेक्षा जास्त हळवे असतात. फ्यूजची पिन रोखून धरणारी पातळ तार गंजून गेलेली असते, पण तिच्यामागची स्प्रिंग शाबूत असू शकते. म्हणजे काळ जातो तशी सुरक्षेची बाजू आधी झिजते आणि स्फोटाची बाजू तशीच राहते. फ्यूज पितळेचे, आकडे कोरलेले, दिसायला देखणे असतात. संग्राहकांचा जीव त्यांच्यात अडकतो, आणि काहींचा जीव त्यांच्यापायीच गेला आहे.

सगळंच काही फुटून मारत नाही. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर उजेडोम नावाचं बेट आहे. तिथल्या पीनेम्युंडे इथल्या जर्मन रॉकेट केंद्रावर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले होते. त्या बॉम्बमधल्या फॉस्फरसचे पिवळट खडे आजही किनाऱ्यावर येतात. अंबर, म्हणजे दागिन्यांत वापरतात तो पिवळा खडा, समजून लोक ते उचलून खिशात टाकतात. ओला आहे तोवर खडा गप्प असतो. सुकला आणि अंगाची ऊब लागली की कपड्यांसकट पेट घेतो. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातली रणभूमी असलेल्या व्हर्दंच्या उत्तरेला, स्पँकुरच्या जंगलात, 1920 च्या दशकात विषारी वायूचे जवळपास 2 लाख जर्मन गोळे जाळून नष्ट केले गेले. त्या जागेच्या मातीत आर्सेनिकचं प्रमाण इतकं आहे की आज शंभर वर्षांनीही मधल्या भागात जवळजवळ काहीच उगवत नाही.

पहिल्या महायुद्धात रणभूमी ठरलेल्या बेल्जियमच्या ईप्र भागातले शेतकरी या बाबतीत आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणे झाले आहेत. नांगराला गोळा लागला की ते पोलिसांना कळवतात. कित्येक ठिकाणी गोळे रस्त्याच्या कडेला विजेच्या खांबापाशी ठेवलेले दिसतात. लष्कराचं पथक येऊन ते पुलकापेल इथल्या केंद्रात नेतं. दरवर्षी असा शेकडो टनांच्या घरातला माल जमा होतो. ते त्याला लोखंडाचं पीक म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं ते हे करतात. आपल्यासारख्यानं तो गोळा रस्त्यापर्यंतही न्यायचा नाही. आहे तिथे सोडायचा, जागा लक्षात ठेवायची, आल्या पावली मागं फिरायचं आणि पोलिसांना कळवायचं. महाराष्ट्रातही लष्करी सरावक्षेत्रांच्या आसपासच्या गावांत भंगारातल्या पितळेसाठी न फुटलेला गोळा फोडायला जाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या येत असतात. तिथे छंद नसतो, गरिबी असते. गोळ्याला त्यानं काही फरक पडत नाही.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा आहे, आणि व्हिडिओ बघून कळत नाही ती गोष्ट हीच. फ्रान्समध्ये 1989 पासून इतिहास किंवा पुरातत्त्वाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायला सरकारी परवानगी लागते. छंद म्हणून कोणी उठून व्हर्दंच्या जंगलात यंत्र फिरवू शकत नाही. ब्रिटनमध्ये छंदाला मोकळीक आहे, पण जमीनमालकाची परवानगी हवीच आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी आधी लेखी ठरवलेली बरी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय यंत्र चालवणं गुन्हा. संरक्षण खात्याच्या चालू जमिनीवर हौशी लोकांना मज्जाव. आणि 1986 च्या एका कायद्यानुसार लष्करी विमान जिथे कोसळलं असेल ती प्रत्येक जागा आपोआप संरक्षित ठरते, मग विमान ब्रिटिश असो की जर्मन, जमीन सरकारी असो की खासगी. परवान्याशिवाय तिथला स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. अवशेषांत वैमानिकाचा देह असण्याची शक्यता असेल, तर परवाना सहसा मिळतच नाही.

यात एक मोठी फट आहे. ब्रिटनच्या 1996 च्या गुप्तधन कायद्यात प्रामुख्यानं 300 वर्षांहून जुनं सोनं-चांदी येतं. 2023 पासून 200 वर्षांहून जुन्या काही विशेष महत्त्वाच्या वस्तूंचाही त्यात समावेश झाला. हौशी लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी सरकारी योजनाही साधारण 300 वर्षांपूर्वीच्याच वस्तू नोंदवते. म्हणजे एखाद्या शेतात 1916 मधल्या छावणीची बटणं सापडली, तर कायद्यानं ती कोणाला दाखवायची सक्ती नाही आणि दाखवली तरी नोंदवून घ्यायला कोणी बसलेलं नाही. पुराणवस्तू ठरायला ती फार तरुण. सर्वांत जास्त उकरलं जातं ते याच वयाचं, आणि सर्वांत कमी नोंदलं जातं तेही हेच.

नोंद नसली तर बिघडतं काय? पोलीस पंचनामा करतात तेव्हा सुरा कोणाचा हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कुठे आणि कसा पडला होता हे महत्त्वाचं. पंचनाम्याआधीच कोणी सुरा उचलून पुसून ठेवला, तर खटल्याला काय उरलं? रणभूमीवरची पुंगळी हा अगदी तसाच पुरावा आहे. कपाटातल्या शंभर पुंगळ्या एकसारख्या असतात. जमिनीत मात्र प्रत्येकीची जागा वेगळी असते आणि लढाई त्या जागांमध्येच लिहिलेली असते.

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी हे पहिल्यांदा ठसठशीतपणे सिद्ध झालं. 25 जून 1876 रोजी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी जॉर्ज कस्टर आणि त्याच्या हाताखालची दोनशेच्या वर माणसं लाकोटा आणि शायान या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांशी लढताना तिथे मारली गेली. कस्टरच्या तुकडीतलं कोणीही हकीकत सांगायला उरलं नाही, म्हणून 'शेवटच्या माणसापर्यंत शौर्यानं लढले' अशी एक गोष्ट शंभर वर्षं चित्रांतून आणि पुस्तकांतून रंगवली गेली. लढाईत प्रत्यक्ष असलेले योद्धे काही वेगळं सांगत होते, पण त्यांना विचारतो कोण? ऑगस्ट 1983 मध्ये वणवा लागून तिथलं गवत जळालं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी तिथे सर्वेक्षण केलं, आणि त्यासाठी त्यांनी मुद्दाम हौशी डिटेक्टरवाल्यांना सोबत घेतलं.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. हौशी मंडळी ठरावीक अंतर राखून एका ओळीत चालत. यंत्र वाजलं की खणायचं नाही, फक्त तिथे झेंडी रोवायची आणि पुढे जायचं. मागून दुसरी तुकडी यायची. ती हलक्या हातानं माती बाजूला करून वस्तू उघडी करायची, पण उचलायची नाही. मग मोजणीवाले तिची नेमकी जागा, खोली आणि गोळी असेल तर तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं हे टिपायचे. त्यानंतर पिशवीत. पुढचं काम गुन्हे अन्वेषणाच्या पद्धतीचं. प्रत्येक बंदुकीची पिन टोपीवर आपली अशी खूण उठवते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणा जुळवल्या, तेव्हा एकाच बंदुकीच्या पुंगळ्या कुठे कुठे पडल्या ते कळलं आणि ती बंदूक धरणारा माणूस मैदानात कसा सरकत गेला ते नकाशावर दिसू लागलं. सैनिकांकडे एकेरी बारच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. योद्ध्यांकडे इतर अनेक बंदुकांबरोबर हेन्री आणि विंचेस्टर या एकापाठोपाठ एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलीही भरपूर होत्या. सैनिकांच्या पुंगळ्यांची मांडणी पाहून फॉक्सनं निष्कर्ष काढला, की शिस्तीनं लढवलेली शेवटची फळी वगैरे फारसं काही घडलं नव्हतं. तुकड्यांची घडी मोडली होती आणि माणसं पांगली होती. योद्ध्यांच्या वंशजांकडे चालत आलेल्या आठवणींना पुंगळ्यांनी दुजोरा दिला.

त्या मैदानावर एखादा हौशी माणूस आधीच येऊन निम्म्या पुंगळ्या उचलून गेला असता, तर वस्तू नष्ट झाल्या नसत्या. कुठल्या तरी दिवाणखान्यात त्या चकचकीत राहिल्या असत्या. फक्त त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

दुसरं उदाहरण फ्रान्समधलं, फ्रोमेलचं. 19 जुलै 1916 च्या एका रात्रीत तिथे ऑस्ट्रेलियाचे 5,500 हून अधिक सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. कित्येकांचे मृतदेह मिळालेच नाहीत. लँबिस एंगलेझोस या मेलबर्नच्या निवृत्त शिक्षकानं कागदपत्रं आणि जुनी हवाई छायाचित्रं चाळून असा दावा केला, की जर्मनांनी हे देह आपल्या फळीमागे फेझंट वुड या झाडीच्या कडेला मोठ्या खड्ड्यांत पुरले आहेत. बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 2007 मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पथकानं त्या जागेची पाहणी केली, आणि खड्डे न उघडता फक्त वरच्या मातीच्या थरावरून डिटेक्टर फिरवले. त्यात ऑस्ट्रेलियातल्या अल्बर्टन या छोट्या भागातल्या लोकांनी आपल्या गावच्या पोरांना निरोप देताना दिलेलं एक पदक सापडलं. जर्मन फळीच्या मागे, त्या नेमक्या जागी ऑस्ट्रेलियन माणूस पोहोचल्याचा तो पुरावा ठरला. पुढे 2009 मध्ये तिथून 250 देह बाहेर काढले गेले, डीएनएच्या साह्यानं दीडशेहून अधिक जणांची नावं लागली आणि त्यांच्यासाठी नवी दफनभूमी उभी राहिली. तेच पदक कोणी आधीच उचलून विकलं असतं, तर विक्रेत्याच्या यादीत त्याची एका ओळीत बोळवण झाली असती.

ओळख पटवण्याच्या बाबतीत डिटेक्टरची एक मर्यादाही आहे. ब्रिटिश सैन्यात 1916 पासून ओळखीचे बिल्ले दाबलेल्या तंतूंचे असायचे. ते यंत्राला कळत नाहीत आणि ओल्या मातीत कुजूनही जातात. मग नाव लावायला उपयोगी पडतात ते खांद्यावरचे पितळी पलटणदर्शक बिल्ले, बटणं, आणि बऱ्याचदा चमचा. सैनिक आपला नंबर चमच्यावर खरवडून ठेवत आणि चमचा पायाच्या पट्टीत खोचत. म्हणून मातीतून चमचा निघाला की जाणती माणसं तिथेच थांबतात. जवळपास हाडं दिसली तर फावडं खाली आणि फोन पोलिसांना.

आपल्याकडे हे सगळं लागू होतं ते मुख्यतः ईशान्येत. 1944 मध्ये इंफाळ आणि कोहिमा इथे जपानी सैन्याला अडवलं गेलं. त्याआधी, 20 मार्चच्या सुमारास, इंफाळच्या ईशान्येला संगशाक या नागा गावाजवळ जो सामना झाला, त्यात 50 व्या हिंदुस्थानी पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. टेकडीवर थोडी माती आणि खाली कातळ, त्यामुळे खंदक खोल खणता येईनात. विमानांनी टाकलेली रसद आणि पाणी बरंचसं जपान्यांच्याच हाती पडलं. 26 मार्चच्या रात्री उरलेल्यांना जंगलातून बाहेर पडायचा हुकूम मिळेपर्यंत त्यांनी तग धरला, आणि तेवढ्या दिवसांत इंफाळ-कोहिमाच्या बाजूला तयारीला वेळ मिळाला. महाराष्ट्रात ही लढाई फारशी कोणाला ठाऊक नाही, हे मला खटकतं. इंफाळ परिसरातल्या स्थानिक हौशी अभ्यासकांनी अशा डोंगरांवर डिटेक्टर फिरवून हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, पुंगळ्या जमवल्या आहेत. 2019 पासून मैबाम लोटपा चिंग टेकडीच्या पायथ्याशी इंफाळ शांतता संग्रहालयही उभं आहे. लोखंडी वस्तू जपणं हे तिथल्या दमट हवेत वेगळंच काम असतं. मातीबाहेर आलेलं लोखंड क्षारांमुळे झपाट्यानं पापुद्रे टाकतं, त्याला कोरडं ठेवावं लागतं आणि पितळेला ब्रासो लावायचा मोह टाळावा लागतो, कारण घासण्यात बुडावरची अक्षरं पुसली जातात.

भारतातला कायदाही वयाशीच अडखळतो. 1878 चा निखात निधी कायदा म्हणतो, की जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. 1972 च्या पुराणवस्तू कायद्यात बहुतेक वस्तूंना 100 वर्षांची अट आहे. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंचा त्यात विचार होऊ शकतो, पण संगशाकची पुंगळी 2044 पर्यंत त्याच्या कक्षेबाहेरच. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही, आणि रात्री किल्ल्यांवर खड्डे पाडणाऱ्या गुप्तधनवाल्यांनाही तो नियम लागू आहे. जिवंत काडतूस परवान्याशिवाय जवळ ठेवलं तर शस्त्र कायदा लागतो, ते डोंगरात सापडलं म्हणून सूट नाही.

तरीही कोणाला ईशान्येत जाऊन हे काम जवळून बघायचं असेल, तर यंत्र विकत घेण्याआधी तिथल्या अभ्यासकांशी आणि गावच्या प्रमुखांशी बोलावं. डोंगरातल्या बऱ्याच जमिनी गावाच्या सामाईक मालकीच्या आहेत, त्यामुळे परवानगी तिथूनच सुरू होते. सोबत वही, जीपीएस चालू असलेला फोन आणि छायाचित्रात मापासाठी ठेवायला एक पट्टी घ्यावी. वस्तू उचलण्याआधी फोटो, मग अक्षांश-रेखांश, खोली आणि तारीख, आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पिशवी. दंडगोलासारखं, टोकदार किंवा शेपटीला पंख लावलेलं काही दिसलं तर यातलं काहीच करायचं नाही. मागं फिरायचं आणि 112 ला फोन लावायचा.